कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्वल्पविराम नको

मागच्या अंकात इंग्रजी अर्ज आणि पत्रांविषयी लिहिलं होतं. विरामचिन्हांबद्दल शंका असतील तर कळवा, असं शेवटी सुचवलं होतं. पत्रं भरपूर आली आणि त्यांतली जवळजवळ सगळी स्वल्पविरामाबद्दल आहेत. मला त्याचं नवल वाटलं नाही. पुण्यातल्या एका छापखान्यात इंग्रजी मजकुराची प्रुफं वाचण्यात माझी सगळी नोकरी गेली. कॉलेजांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध, इंग्रजी लग्नपत्रिका असं सगळं टेबलावर यायचं आणि समासात सर्वांत जास्त खुणा व्हायच्या त्या याच चिन्हाच्या. खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचताना स्वल्पविराम कुठे आहे आणि कुठे नाही, तिकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक आहे. सूचना फलकासाठी मी अशी ओळ लिहिली : ‘द स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द एक्झाम फी, शुड कॉन्टॅक्ट द ऑफिस.’ नव्या प्राचार्या मॅडमनी ‘फी’पुढचा स्वल्पविराम लाल पेनाने खोडला. वाचताना तिथे थांबावंच लागतं, मग तो चुकीचा कसा?
– एक वाचक, बार्शी

मॅडमनी खोडला ते बरोबर केलं. पण तुम्ही तो का दिलात हेही मला कळतं, कारण लिहिण्याआधी तुमच्या मनात मराठी वाक्य तयार झालं असणार : ‘ज्या विद्यार्थ्यांनी परीक्षा शुल्क भरलेले नाही, त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.’ इथे स्वल्पविराम हवाच. ‘ज्या’चं एक वाक्य संपतं, ‘त्यांनी’चं दुसरं सुरू होतं आणि सांध्यावर चिन्ह बसतं.

आता इंग्रजी वाक्यात ‘त्यांनी’ शोधा. तो नाहीच. ‘द स्टुडंट्स’पासून ‘फी’पर्यंतचा सगळा मजकूर मिळून एकच कर्ता झाला आहे आणि त्याचं क्रियापद ‘शुड कॉन्टॅक्ट’ लगेच पुढे उभं आहे. त्या दोघांमध्ये एकटा स्वल्पविराम घालता येत नाही. शंका आली की अख्ख्या कर्त्याच्या जागी ‘दे’ ठेवून पाहा. ‘दे, शुड कॉन्टॅक्ट द ऑफिस’ असं तुम्ही कधीच लिहिणार नाही. ‘दे’च्या जागी नऊ शब्दांचा कर्ता आला म्हणून नियम बदलत नाही.

मी ‘एकटा’ म्हटलं ते जाणून म्हटलं. जोडी चालते. ‘द प्रिन्सिपल, आफ्टर मीटिंग द पेरेंट्स, साइन्ड द नोटिस.’ इथे मधला तुकडा उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य शाबूत राहतं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना चिन्ह येतं. प्रुफांमध्ये मला सतत दिसायची ती यातली अर्धी जोडी : ‘पेरेंट्स’पुढचा स्वल्पविराम जागेवर आणि ‘प्रिन्सिपल’पुढचा गायब. एक दिलात तर दुसरा द्या, नाहीतर दोन्ही काढा.

तुमच्या प्रश्नाच्या शेजारचीच एक गोष्ट सांगते, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांच्या इंग्रजीत ती सर्वांत जास्त आढळते. आपण लिहितो, ‘त्यांनी सांगितले की, उद्या सुट्टी आहे.’ ‘की’च्या पुढे स्वल्पविराम देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तीच सवय हातातून इंग्रजीत उतरते आणि ‘ही सेड दॅट, टुमॉरो इज अ हॉलिडे’ असं वाक्य होतं. प्रबंधांमध्ये तर ‘इट इज ऑब्झर्व्ह्ड दॅट,’ हे पानोपानी असायचं. एका प्रबंधाच्या प्रुफावर ‘दॅट’पुढचे स्वल्पविराम काढण्याच्या खुणांनी उजवा समास वरपासून खालपर्यंत भरला होता. विषय होता ठिबक सिंचन, माहिती उत्तम होती, शेतकऱ्यांशी बोलून गोळा केलेली होती. तरीही परीक्षकाची नजर आधी त्या चिन्हांवर अडखळली असती, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी खूण केली. इंग्रजीत ‘दॅट’ पुढच्या वाक्याला घट्ट धरून असतो. त्याच्यापुढे स्वल्पविराम येतो तो फक्त मध्येच एखादा तुकडा घुसला तर, आणि तेव्हाही जोडीनेच : ‘ही सेड दॅट, इफ इट रेन्ड, द स्कूल वुड क्लोज.’

थांबण्याबद्दलही बोलायला हवं. स्वल्पविराम म्हणजे एक म्हणेपर्यंत थांबायचं, असं आपल्याला शाळेत शिकवलं. मोठ्याने वाचायला ते ठीक आहे. जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांतही हे चिन्ह बऱ्याच अंशी वाचणाऱ्याच्या श्वासासाठी असे. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची आहे. तिच्या शेवटी ‘द राइट ऑफ द पीपल टू कीप अँड बेअर आर्म्स, शाल नॉट बी इन्फ्रिंज्ड’ असं आहे. ‘आर्म्स’पुढचा स्वल्पविराम नेमका तुमच्या सूचनेतल्यासारखा, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये. आज तो तिथे कोणी देणार नाही. पुढे इंग्रजीने हे चिन्ह हळूहळू वाक्यरचनेच्या ताब्यात दिलं. आपल्याकडे मात्र मोडीतले कागद विरामचिन्हांशिवायच चालत. छापील मराठीत ती रुळली एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे चिन्ह आपण इंग्रजीकडूनच घेतलं, पण आपल्या वाक्याची चाल वेगळी असल्यामुळे ते आपल्या चालीने वापरलं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात आहे. निबंधात तिने ‘माय अंकल हू लिव्ह्ज इन नागपूर इज अ फार्मर’ असं लिहिलं. बाईंनी दोन स्वल्पविराम घातले आणि अर्धा गुण कापला. मला दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात. गुणापेक्षा मुलीला समजावून सांगता येत नाही याचं जास्त वाईट वाटतं.
– एक आई, डोंबिवली

मुलीला आधी हे विचारा : तिला काका, मामा किती आहेत?

एकच असेल तर बाईंचं बरोबर. ‘माय अंकल, हू लिव्ह्ज इन नागपूर, इज अ फार्मर.’ काका ठरलेलाच आहे. नागपूरला राहतो ही जाता जाता सांगितलेली माहिती. ती काढली तरी कोण शेतकरी आहे ते कळतं. पण तिला तीन काका असतील, एक ठाण्यात, एक नाशकात, एक नागपुरात, तर तिने लिहिलेलं वाक्य बिनचूक आहे. ‘हू लिव्ह्ज इन नागपूर’ हा तुकडा तिथे तिघांतून एकाला निवडतो. निवडणाऱ्या तुकड्याला स्वल्पविराम नाही, नुसती माहिती देणाऱ्याला जोडीने दोन. शिवाय इंग्रजीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे ‘अंकल’च, त्यामुळे आपल्या घरांत तो एकच असणं तसं दुर्मीळ! बाईंना भेटून शांतपणे विचारून पाहा. मला वाटतं, त्या ऐकून घेतील.

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही इथे कामाचं नाही, कारण तुमच्या घरात माणसं किती हे त्याला माहीत नसतं. लिहिणाऱ्यालाच ते ठरवावं लागतं.

हा फरक फक्त निबंधापुरता नाही. इंग्रजी मृत्युपत्रात ‘माय सन, हू लिव्ह्ज इन पुणे, शाल गेट द हाउस’ असं लिहिलं तर वाचणारा समजेल की मुलगा एकच आहे. स्वल्पविराम काढले तर मुलगे एकाहून अधिक आहेत आणि घर पुण्यातल्याला द्यायचं आहे. उद्या तो मुलगा पुणे सोडून बंगळूरला गेला तर पहिल्या वाक्याने त्याचं काही बिघडत नाही, दुसऱ्याने वादाला जागा होते. अशा कागदावर नाव घालावं हेच बरं. आणि नाव घातलं की पुन्हा हाच प्रश्न येतो : ‘माय सन अजय’ म्हणजे अनेकांतला अजय, ‘माय सन, अजय,’ म्हणजे एकुलता एक.

मराठीत आपण हे काम ‘जो’ने करतो. ‘माझे जे काका नागपूरला राहतात, ते शेतकरी आहेत’ म्हटलं की निवड झाली. ‘माझे काका नागपूरला राहतात आणि शेती करतात’ म्हटलं की माहिती झाली. मुलीला आधी ही दोन मराठी वाक्यं बोलून दाखवा, मग इंग्रजीकडे वळा. हवं तर एक पक्की खूणही सांगा : ‘हू’ किंवा ‘विच’च्या जागी ‘दॅट’ बसवून वाक्य चाललं, तर स्वल्पविराम नको. ‘द बुक दॅट यू गेव्ह मी’ यात तो कधीच येत नाही.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून टोरंटोत नोकरी करतो. माझ्या ईमेलमधलं ‘द सर्व्हर वॉज डाउन, देअरफोर वी कुड नॉट रिलीज द अपडेट’ हे वाक्य माझ्या वरिष्ठांनी नीट करून परत पाठवलं. त्यांनी स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम घातला होता. एवढ्याने खरंच काय फरक पडतो?
– एक वाचक, टोरंटो

‘सर्व्हर बंद होता, त्यामुळे अपडेट देता आलं नाही.’ मराठीत हे सुरेख वाक्य आहे. मराठीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने शेजारी शेजारी सुखाने नांदतात. ‘पाऊस आला, शाळा सुटली, आम्ही घरी पळालो.’ इंग्रजी त्याला परवानगी देत नाही. दोन पूर्ण वाक्यं जोडायची तर स्वल्पविरामाच्या जोडीला ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’, ‘येट’ यांच्यापैकी कोणीतरी लागतं. ‘द सर्व्हर वॉज डाउन, सो वी कुड नॉट रिलीज द अपडेट.’ हे ठीक. ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’, ‘हेन्स’, ‘देन’ हे शब्द दिसतात जोडणाऱ्यांसारखे, पण ते जोडत नाहीत. त्यांच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा आणि ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम. तुमच्या वरिष्ठांनी तेच केलं. वाक्यं अगदी छोटी आणि एका तालाची असतील तर सूट मिळते, ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ हे त्याचं सर्वांना पाठ असलेलं उदाहरण. ऑफिसच्या ईमेलमध्ये ती सूट घेऊ नका.

‘अँड’चंही सांगते. ‘द मॅनेजर रेड द रिपोर्ट अँड साइन्ड इट’ यात स्वल्पविराम नको, कारण दोन्ही कामं एकाच मॅनेजरने केली. ‘द मॅनेजर रेड द रिपोर्ट, अँड द डायरेक्टर साइन्ड इट’ यात हवा, कारण ‘अँड’नंतर नवा कर्ता आला.

फरक काय पडतो, असं विचारलंत. तुम्ही कॅनडात आहात, तर तिथलीच गोष्ट ऐका. रॉजर्स या कंपनीने अॅलिअंट कंपनीशी अटलांटिक किनाऱ्याकडच्या प्रांतांतल्या खांबांवरून केबल नेण्याचा करार केला होता. करारातलं कलम साधारण असं : करार पाच वर्षं लागू राहील, ‘अँड देअरआफ्टर फॉर सक्सेसिव्ह फाइव्ह इयर टर्म्स, अनलेस अँड अन्टिल टर्मिनेटेड बाय वन इयर प्रायर नोटिस’. सगळी गंमत ‘टर्म्स’पुढच्या स्वल्पविरामात आहे. रॉजर्सला वाटत होतं की वर्षभराची नोटीस देऊन करार मोडायची मुभा पहिली पाच वर्षं संपल्यानंतरच लागू होते. अॅलिअंटने पहिल्या पाच वर्षांतच नोटीस दिली. २००६ साली कॅनडाच्या दूरसंचार नियामक आयोगाने अॅलिअंटचा अर्थ मान्य केला. कारण हे : ‘टर्म्स’च्या आधीही स्वल्पविराम आणि नंतरही, म्हणजे ‘अँड देअरआफ्टर...टर्म्स’ हा तुकडा जोडीने बंद झाला. तो उचलून बाजूला ठेवा, मग ‘अनलेस’ची अट थेट पहिल्या पाच वर्षांना जाऊन चिकटते. दुसरा स्वल्पविराम नसता तर ती अट फक्त पुढच्या मुदतींपुरती राहिली असती. प्रकरण तिथे थांबलं नाही. त्याच कराराचा फ्रेंच मसुदाही होता आणि त्यात अर्थाला दोन वाटा नव्हत्या. त्याच्या आधारे २००७ साली आयोगाने आपला निर्णय फिरवला. ‘टर्म्स’च्या तुकड्याभोवतीची जोडी म्हणजे बार्शीच्या उत्तरात ‘द प्रिन्सिपल’च्या वाक्यात सांगितली तीच.

प्रश्न : याद्यांमध्ये शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही? आमचे एक प्राध्यापक देतात, दुसरे काढून टाकतात. मी विधी शाखेत आहे, मसुदे लिहायचे आहेत. एकदाचा निर्णय सांगा.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

दोन्ही प्राध्यापक चूक नाहीत. या स्वल्पविरामाला ऑक्सफर्डचं नाव आहे, कारण तिथलं विद्यापीठ मुद्रणालय तो देत आलं आहे. अमेरिकेत शिकागोची नियमावली द्यायला सांगते, वृत्तपत्रांसाठी चालणारी असोसिएटेड प्रेसची नियमावली साध्या यादीत देत नाही. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडताना जानेवारी २०२० मध्ये पन्नास पेन्सचं नाणं काढलं, त्यावर ‘पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप विथ ऑल नेशन्स’ असं होतं. तिथे ‘प्रॉस्पेरिटी’पुढे स्वल्पविराम नाही म्हणून एका नामवंत लेखकाने नाण्यावर बहिष्कार घाला असं जाहीर आवाहन केलं होतं. माणसं या चिन्हावर एवढी जीव टाकतात, आणि मला ते आवडतं.

भारतात आपल्यापुढे सर्वांत मोठा नमुना राज्यघटनेच्या उद्देशिकेचा. इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच ती असते. शांतपणे एकदा चिन्हांसाठी वाचा. ‘जस्टिस, सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल;’ ‘लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप;’ कुठेही ‘अँड’आधी स्वल्पविराम नाही. सुरुवातीला ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया,’ अशी जोडी आहे, कारण ‘द पीपल ऑफ इंडिया’ म्हणजेच ‘वुई’. त्या ‘वुई’चं क्रियापद थेट शेवटी, ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टु अवरसेल्व्ह्ज’. मधला सगळा मजकूर स्वल्पविराम आणि अर्धविराम यांनी असा बांधला आहे की इतकं अंतर असूनही कर्ता आणि क्रियापद यांची ताटातूट होत नाही. न्याय, स्वातंत्र्य, समानता यांच्यानंतर अर्धविराम आहेत, कारण पहिल्या दोघांच्या पोटात आधीच स्वल्पविराम आहेत. आणि ‘सॉव्हरिन सोशलिस्ट सेक्युलर डेमोक्रॅटिक रिपब्लिक’मध्ये एकही नाही. इंग्रजी मसुदा शिकायचा तर मी याहून चांगला धडा सांगू शकणार नाही.

पण तुम्ही वकील होणार, तेव्हा न असलेला स्वल्पविराम काय करतो तेही पाहा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये गुन्ह्याचं वर्णन असं होतं : ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’. महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की औषध नुसतं जवळ बाळगलं तर या कलमाखाली गुन्हा होतो का. १९७९ च्या निकालपत्रसंग्रहांत हा निकाल आहे, मिळवून वाचा. न्यायालयाने बोट ठेवलं ते ‘स्टॉक्स’ या शब्दापुढे. तिथे स्वल्पविराम नाही. म्हणून ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ हे एकसंध, आणि ‘फॉर सेल’ ही अट साठवणुकीलाही लागू. विक्रीसाठी साठा केला हे सिद्ध झालं पाहिजे, नुसता ताबा पुरत नाही. ‘स्टॉक्स’पुढे एक चिन्ह असतं तर ‘साठा करणे’ हा स्वतंत्र गुन्हा झाला असता.

आता अमेरिकेतल्या मेन राज्यातली यादी. तिथल्या कायद्यात ज्या कामांना जादा वेळेचा वाढीव मोबदला नाही त्यांची जंत्री होती : ‘द कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्रायिंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’ शेतमाल, मांस-मासे, नाशवंत अन्न वगैरे. ओकहर्स्ट डेअरीचे चालक दूध पोचवायचे, पॅकिंग करायचे नाहीत. त्यांनी मोबदला मागितला. कंपनी म्हणाली, ‘डिस्ट्रिब्यूशन’ यादीत आहे, म्हणजे वितरण करणाऱ्या तुम्हाला मोबदला नाही. चालक म्हणाले, ‘शिपमेंट’पुढे स्वल्पविराम कुठे आहे? इथे काम एकच आहे, पॅकिंग. ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. शिवाय बाकीची सगळी कामं ‘इंग’मध्ये संपतात, ‘डिस्ट्रिब्यूशन’ संपत नाही, मग ते यादीतलं काम कसं? मेनच्या विधिमंडळाची मसुदा नियमावली यादीतला शेवटचा स्वल्पविराम देऊ नका असंच सांगत होती आणि कंपनीने तेही दाखवलं. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की कलम संदिग्ध आहे आणि संदिग्ध कलम कामगारांच्या बाजूने वाचायचं. पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. कायदाही दुरुस्त झाला. या वेळी प्रत्येक कामापुढे अर्धविराम घालून!

माझा निर्णय विचारलात. मसुद्यात द्या. वर्तमानपत्रासाठी लिहाल तर त्यांची पद्धत पाळा. आणि यादीतल्या एखाद्या घटकातच ‘अँड’ किंवा ‘ऑर’ असेल तर कोणाचीही नियमावली असो, अर्थ उघडा होईल असं चिन्ह द्या, नाहीतर वाक्यच मोडून पुन्हा लिहा. एका कागदात मात्र एकच पद्धत हवी. पान दोनवर दिलेला आणि पान पाचवर गाळलेला स्वल्पविराम समोरच्या वकिलाला आयतं हत्यार देतो.

उरलेल्या पत्रांना थोडक्यात.

सोलापूरच्या वाचक विचारतात, परदेशी कंपनीला दिलेल्या कोटेशनमध्ये ‘१२,५०,०००’ लिहिलं तर चालेल का? आपल्याकडे हजारानंतर दोन दोन आकड्यांवर स्वल्पविराम पडतो, त्यांच्याकडे तीन तीन आकड्यांवर. तीच रक्कम तिकडे ‘१,२५०,०००’. तिकडच्या पद्धतीने लिहा आणि अक्षरीही लिहा. व्यवहार जर्मनीशी असेल तर आणखी सांभाळा. तिथे स्वल्पविराम दशांशचिन्हाचं काम करतो, ‘३,५’ म्हणजे साडेतीन.

जळगावच्या शिक्षकांना तारखेचं विचारायचं आहे. ‘१५ ऑगस्ट १९४७’ यात काही लागत नाही. महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत ‘ऑगस्ट १५, १९४७’ आणि वाक्य पुढे चालू राहिलं तर वर्षानंतरही एक. उद्देशिकेत ‘नोव्हेंबर, १९४९,’ अशी जुनी पद्धत आहे. ती तशीच ठेवायची, आपण मात्र तसं लिहायची गरज नाही.

‘थँक यू सर’ की ‘थँक यू, सर’? संबोधनाआधी स्वल्पविराम हवा. ‘येस, मॅडम’, ‘गुड मॉर्निंग, काका’. मराठीत आपण ‘काका, या ना’ म्हणताना देतोच.

लातूरहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की ‘व्हेन’ किंवा ‘इफ’ने वाक्य सुरू झालं तर? तो तुकडा संपला की स्वल्पविराम द्यायचा. ‘व्हेन द टीचर कॉल्ड द पेरेंट्स केम’ हे वाचताना बाईंनी पालकांना बोलावलं असं वाटतं आणि मग ‘केम’ला कर्ताच उरत नाही. ‘कॉल्ड’पुढे चिन्ह दिलं की वाक्य उलगडतं. तुकडा शेवटी आला तर बहुतेक वेळा नको : ‘प्लीज कॉल इफ यू हॅव एनी डाउट.’

तिनेच पुढे विचारलं आहे, ‘बिकॉज’आधी कधी? सहसा नको. पण आधी नकार असेल तर थांबून विचार कर. ‘शी डिड नॉट मॅरी हिम बिकॉज ही वॉज रिच.’ याचा एक अर्थ, लग्न केलं, पण पैशासाठी नाही. ‘हिम’पुढे स्वल्पविराम दे, मग अर्थ होतो की लग्नच केलं नाही, कारण तो श्रीमंत होता. तुझ्या मनात यातलं जे असेल त्याप्रमाणे लिही, आणि दुसरा अर्थ हवा असून कोणी चुकीचं वाचेल अशी भीती वाटली तर ‘बिकॉज’चा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आण.